आधी मोटार, मग व्हॉल्व्ह

दुपारचे पावणेचार झाले होते. हातातल्या छापील प्रोग्रामचं शेवटचं पान सुवर्णानं पुन्हा एकदा वाचलं.

तिच्या कंपनीच्या यादवसरांनी दिंडोरीच्या एका शीतगृहासाठी ड्रायव्हर लिहिला होता. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि तापमान मोजणारं कार्ड यांच्यातला निरोप्या. तो संगणकाच्या थेट गाभ्यात चालतो. तो अडखळला की अख्खा संगणक गोठतो. आणि त्याच संगणकावर तिथले थंडावा राखणारे कॉम्प्रेसर चालत होते. आत परदेशी जायची द्राक्षं होती.

मागच्या आठवड्यात तो ड्रायव्हर तपासून, तो ठीक असल्याच्या दाखल्यावर सुवर्णानंच सही केली होती. आज चार वाजता कंपनीचा ज्ञानेश दिंडोरीत तो काढून सुधारलेला बसवणार होता. चूक होती ती काढण्याच्या भागात. सुरू होताना ड्रायव्हर आधी मेमरी घेई, मग कार्डाला हाका मारायला मोकळीक देई. ते बरोबर होतं. पण आवरतानाही सरांनी तोच क्रम ठेवला होता: आधी मेमरी सोडायची, मग कार्ड गप्प करायचं. मधल्या क्षणी कार्डानं हाक दिली तर उत्तराची जागाच उरलेली नसे. ऑफिसातल्या कार्डाला एकही सेन्सर जोडलेला नव्हता, म्हणून चाचणी दहाही वेळा पास झाली. तिथे चाळीस सेन्सर बोलत होते.

यादवसर समोरच बसले होते. तिनं पान त्यांच्यापुढे सरकवलं आणि फोन फिरवला. तिकडे शीतगृहातल्या ऑपरेटर नाथाभाऊंनी उचलला. ज्ञानेश संगणकापाशी बसलाय, सुरूच करतोय, असं ते म्हणाले.

"त्याला हात थांबवायला सांगा. नाथाभाऊ, शेतातलं ठिबक बंद करताना तुम्ही आधी व्हॉल्व्ह बंद करता का?"

"येडी का काय तू? पाइप फुटंल ना. आधी मोटार बंद."

"तसंच. आधी सेन्सरची वीज बंद करा, मग त्याला ड्रायव्हर काढू द्या."

रिसीव्हरमध्ये कॉम्प्रेसरची घरघर येत होती. ती थांबते का, एवढंच सुवर्णा ऐकत राहिली.

"निघाला," नाथाभाऊ म्हणाले. "मशीन चालू हाय."

यादवसरांनी पान वाचून संपवलं होतं. मागच्या आठवड्याचा दाखला तिनं फायलीतून काढला आणि स्वतःच्या सहीवर रेघ मारली. पेन खाली ठेवणार तोच सरांनी हात पुढे केला.

"दे इकडे," ते म्हणाले. "त्याच्यावर माझीही सही आहे."