अठ्ठावीस घरांची चादर

मोजणीवाला माझ्याच ओट्यावर बसला, माझ्याच तांब्यातलं पाणी प्यायला आणि मला म्हणतो, "मावशी, नकाशात इथे मोकळी जमीन आहे. घरं नाहीत."

माझं डोकंच फिरलं. "मग तू बसलायस कुठे, मेल्या?"

तो हसला. गोदामांसाठी आमची जमीन जाणार, अठ्ठावीस घरं जाणार, आणि घरंच नाहीत म्हटल्यावर बदली जागा तरी कोण देणार? पंधरा दिवसांनी तलासरीला सुनावणी होती.

पाड्यातली योगिता आमची बारावी शिकलेली. तिने तीन अर्ज दिले. तिन्ही कुठे गेले देव जाणे. म्हटलं, बस झालं, आता मी काढते. लग्नघराच्या भिंतीवर चौक काढायला पाड्यात मलाच बोलावतात, माझा हात सगळ्यांना ठाऊक. जुनी चादर शेणाने सारवली, तांदळाचं पीठ कालवलं, बांबूची काडी ठेचली आणि एकेक घर काढत गेले. भिकीच्या दारातली चिंच, लडक्याचा ताड, सुक्याचा पडका गोठा, विहीर. बायका डोक्यावर उभ्या राहून चुका काढायच्या. कमळी तर भांडलीच, "हिरे, माझं दार उगवतीला आहे गं, मावळतीला काय काढतेस!" पुसलं, परत काढलं. हौसेचं काम थोडंच होतं ते!

सुनावणीला सगळा पाडा टेम्पोत बसून आला. मी चादर टेबलावर पसरली. साहेब एकदम खूश. "वा! अस्सल वारली! केवढ्याला देणार? केबिनमध्ये लावतो." वर मोबाईल काढून फोटोही घेतला.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. इतके दिवस मी काय ह्याच्या केबिनसाठी डोळे फोडून घेत होते?

"विकायला नाही आणलं!" मी ओरडलेच. "आमचा नकाशा आहे हा. ठेव बोट, कुठेही ठेव!"

त्याने गंमत म्हणून चिंचेजवळच्या घरावर बोट ठेवलं.

"भिकीचं," मी म्हटलं. मागून भिकी उठली, "मी इथे आहे."

ताडाजवळ ठेवलं. लडक्या उठला. मग जयवंती, तान्ह्या पोराला घेऊन. साहेबाची गंमत सरली, तरी मी त्याला सोडेना. "ठेव की! अजून ठेव!" शेवटच्या घरापर्यंत पोचलो तेव्हा खोलीत साहेब आणि कारकून सोडून कोणी बसलेलं नव्हतं.

कारकुनाने अहवालाचा कागद पुढे ओढला. त्यावर 'मोकळी जमीन' असं आधीच छापलेलं होतं. म्हणजे सुनावणी व्हायच्या आतच! त्याने पेन उघडलं, हळूच विचारलं, "साहेब, हे खोडू?"

साहेब खिडकीबाहेर बघत राहिला.

"खोड," मी म्हटलं.

कारकुनाने त्याच्याकडे पाहिलं, उभ्या माणसांकडे पाहिलं, आणि खोडलं.