बद्द आवाज

दौलतने रुपयाचं नाणं पुन्हा बॉनेटवर ठोकलं. टण. चार बोटं पुढे. टण. उजव्या बिजागरीपाशी आला आणि आवाज बदलला. बद्द.

फायबरचं काम आतून घट्ट असलं की खणखणीत बोलतं. थर सुटले की भिजल्या पुठ्ठ्यासारखं होतं. वरळी कोळीवाड्यात तीस वर्षं होड्यांना फायबर चढवून त्याच्या कानांनी एवढं तरी कमावलं होतं. वरून बॉनेट आरशासारखं चमकत होतं. लाल रंग परवाच लागला होता.

चूक कुठे झाली तेही त्याला ठाऊक होतं. त्या कोपऱ्यात जुन्या फायबरात इंजिनचं तेल मुरलेलं. अजून दोन दिवस घासायला हवं होतं. पण रविवारची तारीख ठरलेली, म्हणून ‘चालेल’ म्हणत त्याने त्यावरच नवे थर चढवले होते.

आज शनिवार. उद्या सकाळी मुंबईबाहेरच्या एका खाजगी धावपट्टीवर रघुवीर कर्णिक ही गाडी पळवणार होते, शेजारी त्यांची चौऱ्याहत्तर वर्षांची मावशी. गाडीचं अख्खं नाक म्हणजे एकच तुकडा. वेग वाढला, खाली वारा शिरला आणि बिजागरी उपटली, तर तो तुकडा थेट माणसांच्या तोंडावर येणार. वर छप्पर नाही, समोर वीतभर काच.

लोअर परळच्या या शेडमध्ये पहिल्याच दिवशी रघुवीरनी त्याला गाडीची गोष्ट सांगितली होती. “युद्धावरून परतलेली अमेरिकन पोरं हो, दौलतराव. शर्यतीची हौस दांडगी, पण पत्रा ठोकायला ना यंत्रं ना कारखाना. मग घरामागच्या शेडमध्ये काचेचं कापड आणि रेझिन घेऊन बसली. तुम्ही होड्या करता ना, अगदी तसंच. एका साच्यातून सात गाड्यांची अंगं काढली. आज दोनच उरलीत.” रघुवीरच्या आईचे वडील बोटीवर इंजिनिअर होते. सत्तावन्न साली त्यांनी नुसतं अंग खोक्यातून आणलं, सांगाडा इथे जोडला आणि जुहूच्या धावपट्टीवर शर्यती मारल्या. नंतर साठ वर्षं गाडी गिरगावातल्या एका शेडमध्ये धूळ खात पडली.

सातातली दोन. दौलतने नाणं खिशात टाकलं. कोणी दुसरा नाणं ठोकून बघणार नव्हता. टिकेलही कदाचित. नाही टिकलं तर? आणि सांगितलं तर? बासष्टाव्या वर्षी, दोन वर्षं घरी बसल्यावर मिळालेलं काम. घोडपदेवच्या चाळीत बायकोने, सुभद्राने घरोघर सांगितलेलं, आमच्यांनी अमेरिकेची गाडी केली. फोन बंद करून सरळ घरी जावं, असं मनात येऊन तो फाटकापर्यंत गेलाही. तेवढ्यात समोर टॅक्सी थांबली.

“काय दौलतराव, झाली का नवरी तयार?” रघुवीर हसत उतरले. मागोमाग त्यांची मावशी, मृणालिनीबाई.

“हा बघा, मुद्दाम घेतला,” त्यांनी पिशवीतून निळा स्कार्फ काढून दाखवला. “वाऱ्यात केस उडतील ना! बाबांनी कधी बसू दिलं नाही. पोरींचं काम नाही म्हणे.”

दौलतने स्कार्फवरून नजर काढली.

“साहेब, गाडी उद्या नका काढू.”

“म्हणजे?”

“बिजागरीपाशी थर सुटलेत. माझंच चुकलं. नीट घासलं नाय मी.”

त्याने शेडमध्ये नेऊन ठोकून दाखवलं. रघुवीरचा चेहरा उतरला.

“आज सांगताय हे? सहा महिने त्या धावपट्टीच्या मागे लागलोय मी!” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “दोनच फेऱ्या आहेत. तेवढं धरेल की नाही?”

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं.

“नाय साहेब. मला भीती वाटते.”

“काम करताना नाही वाटली?”

“रघू,” मृणालिनीबाई मध्येच म्हणाल्या. “बाबांचा डोळा कशाने गेला, तुला काय सांगितलंय?”

“दगड उडाला ना शर्यतीत?”

“दगड नव्हता. हेच नाक उघडलं होतं. कडी सैल झालीये हे मेकॅनिकला सकाळीच कळलं होतं. भीतीने बोलला नाही. नंतर आमच्या दारात येऊन रडत बसला. आईने दार उघडलं नाही.”

रघुवीर फोन घेऊन बाहेर गेले. बराच वेळ त्यांचा फोनवरचा आवाज येत राहिला. परत आले तेव्हा दौलतकडे न बघताच म्हणाले, “धावपट्टी रद्द केली. सोमवारपासून मी दुसरा माणूस बघतो.”

दौलतने मान डोलावली. “तेवढा भाग मीच कापून ठेवतो, साहेब. आत कुठवर सुटलंय ते त्याला दिसेल.” त्याने कटर उचलला, तोंडाला फडकं बांधलं. “मॅडम, धूळ उडेल. तुम्ही बाहेर बसा.”

“आधी पाच मिनिटं आत बसू का मी?”

दौलतने कटर खाली ठेवला. फडकं सोडून त्यानेच सीट पुसली आणि हात पुढे केला. तो धरून त्या आत उतरल्या, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर शेडच्या बंद दाराकडे बघत राहिल्या. दौलत पुढे येऊन बॉनेटवर दोन्ही तळवे दाबून उभा राहिला, म्हातारं माणूस चढताना होडी हलू नये म्हणून धरतात तसा.