तिसऱ्या फळीवरची ताटं

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचा बँड, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर सराव करतो, ही गोष्ट त्याच्या कामावरच्या लोकांना भलतीच आवडायची. नवीन कुणी रुजू झालं की पहिल्याच दिवशी, चहाच्याही आधी, त्याला ती सांगितली जायची. लिफ्टवाला स्वतःही हसायचा. हसण्यावाचून दुसरं करणार काय? अठ्ठावीस वर्षं तो त्या बावन्न पायऱ्या आपला अँप घेऊन चढला होता.

अँप म्हणजे बेस गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी. पण या अँपला पेटी म्हणणं ही त्याची थट्टाच झाली, कारण वजन होतं बेचाळीस किलो. लिफ्टवाल्याची बायको त्याला म्हैस म्हणायची. बँडवाले लिफ्टवाल्याला तळमजला म्हणायचे, कारण बाकीच्यांचं सगळं गाणं त्याच्या चार जाड तारांवर उभं असायचं. तळमजल्याकडे कुणी बघत नाही, पण तो नसला तर वरच्यांचं काय होतं ते सांगायला नको.

मग एका सोमवारी लिफ्टच्या खड्ड्यातून वर येताना त्याच्या कंबरेतला एक मणका जागचा हलला. हाडांच्या डॉक्टरनं फोटो उजेडात धरला आणि सांगितलं की आता दहा किलोच्या वर काही उचलायचं नाही. थोडे दिवस नव्हे, कधीच नाही.

बँडमधली माणसं भली. दोन महिने त्यांनी आळीपाळीनं म्हैस वर चढवली. वर ठेवायला जागा नव्हती, म्हणून सराव संपला की ती तिथल्या जिन्याखालीच राहायची, लिफ्टवाल्याच्या घरी परत येत नव्हती. ड्रम वाजवणारा दातांचा डॉक्टर पुढून, कीबोर्डवाले भूगोलाचे सर मागून, आणि गाणाऱ्या टपाल कचेरीतल्या बाई मधे उभ्या राहून सूचना द्यायच्या. तिसऱ्या महिन्यात चौतिसाव्या पायरीवर दातवाल्याचं मनगट मुरगळलं. दातांच्या डॉक्टरचं मनगट म्हणजे त्याचं पोट. पंधरा दिवस गावातले लोक सुजलेले गाल धरून बसले.

लिफ्टवाल्याला कुणी अवाक्षरानंही बोललं नाही, आणि त्याला तेच जास्त लागलं. आठवड्याभरानं टपालवाल्या बाईंचा फोन आला. त्या नको इतक्या गोड बोलत होत्या. पुढच्या शनिवारी चार वाजता वाचनालयाच्या नव्या सभागृहात कार्यक्रम होता. खालचे सूर सर कीबोर्डवर डाव्या हातानं वाजवतील, असं ठरलं होतं. त्यानं मात्र यायचंच, त्याच्याशिवाय बँड कसला. त्याच्यासाठी खुळखुळा ठेवलाय.

खुळखुळा! छप्पन्न वर्षांच्या माणसाला! एकदा तो हातात घेतला की बेस पुन्हा मिळणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. माणसं वाईट नव्हती, पण सोयीची सवय लवकर लागते. त्यानं बाईंना गुरुवार संध्याकाळपर्यंत कळवतो म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो वाद्यं दुरुस्त करणाऱ्या आपल्या जुन्या मित्राकडे जाऊन बसला. मित्रानं सगळं ऐकून घेतलं आणि खणातून साबणाच्या डबीएवढी एक पेटी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. तो प्रीअँप होता. मित्र म्हणाला, तुझ्या म्हशीत दोन यंत्रं एकत्र कोंबलेली आहेत. एक सूर घडवतं, दुसरं ताकद लावतं. पॉवर्ड स्पीकरच्या पोटात ताकदीचं यंत्र असतंच. तसा एक हलका स्पीकर मिळव, गिटारची वायर या डबीत घाल, डबी स्पीकरला जोड, आणि म्हैस विकून टाक.

लिफ्टवाल्याला हे झटकन पटलं. लिफ्टमधलं बटण लिफ्ट ओढत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? बटण नुसता निरोप देतं, ओढते ती वरची मोटर. निरोप मात्र वाटेत विरून जाता कामा नये.

पॉवर्ड स्पीकर मेहुणीकडे होता. ती तरणतलावात म्हाताऱ्या माणसांना पाण्यातले व्यायाम शिकवायची. नवा घेतल्यामुळे तिचा जुना घरी पडून होता. तिनं तो दिला, स्टँडसकट दिला, आणि बोट नाचवून बजावलं, "भावोजी, जसा देतेय तसाच परत हवा."

इथंच घोडं अडलं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

घरी आणल्यावर त्यानं आधी गिटार सरळ स्पीकरलाच जोडून पाहिली. माणूस आहे, मोह होतो. आवाज आला तो रजईखाली दडलेल्या डासासारखा. मग मधे प्रीअँप घातला. डास रजईबाहेर आला, एवढाच फरक. सूर स्वच्छ होता, मोठाही होता, पण त्यात बूडच नव्हतं. त्यानं डबीवरची बटणं हळूहळू फिरवली, तारा बदलल्या, वायर बदलली. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवारी त्यानं जेवणावरही राग काढला.

गुरुवारी दुपारी बायको कामावरून आली. ती मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात मुकादम होती. चादरींची गाठोडी उचलून उचलून तिचे दंड नवऱ्यापेक्षा भक्कम झाले होते. बँडच्या कार्यक्रमाला ती आजवर एकदाही गेली नव्हती. घरात रोज फुकट ऐकते, तेच पुन्हा नटूनथटून कशाला ऐकायचं, असं तिचं म्हणणं. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. शेजारच्या खोलीत लिफ्टवाल्यानं सगळ्यात जाड तार छेडली आणि फोन हातात घेतला. बाईंना हो म्हणून टाकायचं होतं. खुळखुळा तर खुळखुळा.

"ताटं हलली नाहीत," बायको भिंतीपलीकडून म्हणाली.

त्यानं विचारलं, कुठली ताटं? तेव्हा ती पदराला हात पुसत दारात आली आणि तिनं सांगितलं ते त्याला अठ्ठावीस वर्षांत ठाऊक नव्हतं. म्हैस ज्या भिंतीला लागून उभी असायची, तिच्याच मागे स्वयंपाकघरातली मांडणी होती. त्यानं जाड तार छेडली की खालच्या फळीवरचे चमचे किणकिणायचे, दुसरीवरचे पेले थरथरायचे, आणि सूर खरा लागला तर तिसऱ्या फळीवरची ताटं झणझणायची. ताटं हलली म्हणजे स्वारी रंगात आहे, असं ती समजायची आणि अर्धा तास हाक मारायची नाही.

फोन खाली ठेवला गेला. ती मांडणीपुढे उभी राहिली आणि तो डबीची बटणं फिरवू लागला. तिनं आतून सांगायचं आणि यानं फिरवायचं. थोडं वाढवलं की चमचे, आणखी वाढवलं तरी चमचेच. पेले ढिम्म. तो तीन दिवस बटणं भीतभीत फिरवत होता, ती तिनं पुरती फिरवायला लावली. तरी पेले ढिम्म.

मग ती बाहेर आली, स्पीकरच्या मागे गेली आणि चष्मा कपाळावरून नाकावर ओढला. मागे एक छोटा स्विच होता. एका बाजूला गाण्याचं चित्र, दुसऱ्या बाजूला बोलणाऱ्या तोंडाचं. स्विच तोंडाकडे होता.

"हा कशाचा?" तिनं विचारलं.

त्यानं तो पहिल्याच दिवशी पाहिला होता. बोलण्याचा आवाज स्पष्ट यावा म्हणून खालचे सूर कापणारा असणार, हेही त्याला तेव्हाच समजलं होतं.

"मग हात का नाही लावलात?"

"तो तुझ्या बहिणीनं लावलाय."

बायकोला आधी ती थट्टाच वाटली. पण तो थट्टा करत नव्हता. लिफ्टच्या कामात एक नियम असतो: ज्यानं स्विच पाडून वीज तोडली, त्यानंच तो उचलायचा. दुसऱ्यानं शहाणपणा करून उचलला आणि खाली खड्ड्यात कुणी काम करत असलं, तर संपलंच. त्या नियमावर त्याची आणि त्याच्या चार सोबत्यांची आयुष्यं शाबूत राहिली होती. तो घरातला दिवासुद्धा, दुसऱ्या कुणी मालवला असेल तर, विचारून लावायचा. आणि मेहुणीनं तर बजावून सांगितलं होतं, जसा दिला तसाच हवा.

यावर एखादी बायको हसली असती, एखादीनं कपाळावर हात मारला असता. हिनं फोन उचलला आणि बहिणीला लावला. तिकडून पाण्याचा आणि म्हाताऱ्यांच्या हसण्याचा आवाज येत होता. बहिणीला आधी प्रश्नच समजला नाही. समजल्यावर ती एवढंच म्हणाली, "भावोजींना सांग, खड्ड्यात कुणी नाही. खुशाल उचला."

कडक शिस्तीत परवानगी मिळाली होती. त्यानं स्विच उचलला, तार छेडली, आणि आतले पेले थरथरले.

आता दोघांनाही चेव चढला. ताटं अजून गप्प होती. बायकोनं स्टँडवर माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर बसलेल्या स्पीकरकडे पाहिलं आणि विचारलं, हा वर कशाला टांगलाय? बहिणीचा आवाज म्हाताऱ्यांच्या डोक्यावरून जावा म्हणून तो तिथं होता, आणि दिला तसा ठेवायचा म्हणून यानंही तिथंच ठेवला होता. तिनं दोन्ही हातांनी कवेत घेऊन तो सोळा किलोंचा स्पीकर अलगद काढला आणि भिंतीला लागून जमिनीवर ठेवला, तिथंच, म्हैस असायची त्या जागी. ती उठून स्वयंपाकघरात पोचायच्या आत त्यानं तार छेडली.

ताटं झणझणली. नुसती झणझणली नाहीत, त्यातलं एक पुढं सरकून खाली पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं.

त्याला ते ऐकायचं होतं, तिच्या बाजूनं. त्यानं गिटार बायकोच्या गळ्यात अडकवली, अंगठा कुठं ठेवायचा ते दाखवलं आणि स्वतः जाऊन मांडणीशेजारी पाटावर बसला. ती बिचकत होती. अठ्ठावीस वर्षांत तिनं ते वाद्य फक्त पुसलं होतं. मग धीर करून तिनं जाड तार छेडली. सूर भिंतीतून आला, पाटातून आला, त्याच्या दुखऱ्या कंबरेतून वर चढला. आपण इतकी वर्षं या बाईच्या स्वयंपाकघरात असे येत होतो, हे त्याला पहिल्यांदा समजलं.

तिनं पुन्हा छेडली. पुन्हा. थांबायचं नावच घेईना. शेवटी भिंतीपलीकडूनच बोलली, गिटारकडे बघत बोलल्यासारखी.

"तीन महिने घरात कुणी राहत नाही, असं वाटत होतं हो."

त्यानं टपालवाल्या बाईंना फोन केला. खुळखुळा दुसऱ्या कुणाला द्या म्हणाला.

शनिवारी वाचनालयाच्या दोन जिन्यांवरून वरात निघाली ती अशी: पुढे बायको, कवेत स्पीकर, मागे लिफ्टवाला, खांद्यावर गिटार, खिशात प्रीअँप. दातवाला मदतीला धावला, तर तिनं त्याला मनगट सांभाळायला सांगितलं. म्हैस कुठाय, असं सगळ्यांनी विचारलं. लिफ्टवाल्यानं खिशातून डबी काढून दाखवली तेव्हा भूगोलाच्या सरांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला विश्वास म्हणता येणार नाही. ते सभ्यपणे म्हणाले की दादा, तुम्ही वाजवाच, मी आपला डावा हात चालू ठेवतो, हो, खबरदारी म्हणून.

पहिलं गाणं तसंच झालं. लिफ्टवाला वाजवत होता आणि त्याच्या प्रत्येक सुरावर सरांचा डावा हात दुसरा सूर ठेवत होता. समोर साठ-सत्तर माणसं, नवी कपाटं, नवी लाकडी जमीन. बायको शेवटच्या ओळीत बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. दुसऱ्या गाण्याच्या आधी त्यानं खाली वाकून डबीचं एक बटण, तिनं फिरवायला लावलं होतं तेवढंच, पुरतं फिरवलं.

गाणं सुरू झालं आणि जमीन थरथरू लागली. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी आधी आपल्या बुटांकडे पाहिलं, मग ते बूट आपोआप ताल धरू लागले. दातवाला ड्रमवर असा काही खुलला की त्याचं मनगट कधी मुरगळलं होतं हे कुणी खरं मानलं नसतं. बाईंनी डोळे मिटून वरचा सूर घेतला आणि तो बिनघोर धरून ठेवला. दुसऱ्या कडव्यात सरांचा डावा हात अडखळला, पट्ट्यांवर नुसता टेकला, मग वर उठला. सरांनी त्या हाताकडे क्षणभर पाहिलं आणि तो पँटच्या खिशात घालून टाकला. तिथून पुढची नऊ गाणी त्यांनी एका हातानं वाजवली, आणि इतकी सुरेख त्यांनी कधी वाजवली नव्हती. लिफ्टवाला हसत होता, एकटाच, तारांकडे बघून, वेड्यासारखा.

कार्यक्रम संपल्यावर सगळे एकदमच बोलत होते. सर प्रीअँप हातात घेऊन उलटासुलटा करत होते. बाई पुढच्या कार्यक्रमाचं सांगत होत्या: महिन्याच्या अखेरीला, टेकडीवरच्या जुन्या शाळेत, जागा सुंदर, पण पायऱ्या एकशे दहा. हे सांगताना त्यांनी जरा कचरत लिफ्टवाल्याच्या कंबरेकडे पाहिलं. तो मनात हिशोब करू लागला. सोळा किलो आणि एकशे दहा पायऱ्या. बायकोजवळ मागायचं तरी कुठल्या तोंडानं?

त्याची बायको वायरचं भेंडोळं करत होती. चादरी घडी करण्याच्या सवयीनं एकसारखं, घट्ट. तिनं ते स्पीकरवर ठेवलं, स्पीकर कवेत घेतला आणि मान वर करून बाईंना विचारलं, "किती वाजता यायचं आम्ही?"