खिरीतली लवंग

विहाराच्या बैठकीत कोंडिराम गायसमुद्रे उभे राहिले, तेव्हा सगळ्यांना वाटलं, पाणी प्यायला उठले असतील. भाईंदरजवळच्या शांती नगरातल्या त्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये ते कायम मागच्या रांगेत, पुस्तकांच्या कपाटाला पाठ टेकून बसायचे. टपाल खात्यात उभी हयात गेली, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडायची.

विषय बुद्धपौर्णिमेच्या खीरदानाचा होता. गेल्या वर्षी पहाटेच्या घाईत खीर खाली लागली होती आणि निम्म्या लोकांनी वाट्या तशाच ठेवून दिल्या होत्या. महिला मंडळाच्या शैलाताईंचं म्हणणं असं, की यंदा आदल्या संध्याकाळीच करून ठेवू, सकाळी फक्त तापवायची. पण मे महिन्याच्या या उकाड्यात दूध टिकणार कसं, इथे गाडी अडली होती.

"टिकेल," कोंडिराम म्हणाले. आवाज फुटला हे पाहून ते स्वतःच दचकले. "आमचा समाधान एम.एस्सी.ला आहे. त्याचा अभ्यासच हा आहे. लवंगेच्या तेलानं अन्नातले जंतू मरतात. मी फोटो बघितलाय. काचेच्या ताटलीत सगळीकडे जंतूंची साय धरलेली, आणि तेलाच्या थेंबाभोवती लखलखीत स्वच्छ. ही काही ऐकीव गोष्ट नाही. प्रयोगानं सिद्ध झालंय."

टाळ्या पडल्या. "काका, एवढी वर्षं हा आवाज कुठं लपवून ठेवला होता?" शैलाताई म्हणाल्या. घरी जाताना वैजयंताबाईंनीही नवऱ्याला टोला हाणलाच, "लग्नात तुमचा उखाणा शेजारी बसून मला ऐकू आला नव्हता. आज भाषण!" कोंडिराम हसले. त्या रात्री त्यांना फार छान झोप लागली.

समाधानला मात्र ते ऐकून घाम फुटला.

"बाबा, असं कसं सांगून आलात?"

"का? खोटं आहे का ते?"

"खोटं नाही. पण ते प्लेटवरचं आहे. दुधात स्निग्धांश असतो, तेल त्यात जाऊन बसतं, जंतूंपर्यंत नीट पोचत नाही. आणि तांदळात जंतूंची एक जात असते, ती कवच धरून बसते. उकळलं तरी मरत नाही. खीर हळूहळू निवायला लागली की पुन्हा वाढते."

"मग जरा जास्त घालू."

"जास्त घातलं तर खाणार कोण?"

कोंडिराम खुर्चीत मागे टेकले. "सगळ्यांसमोर बोललो रे मी," एवढंच म्हणाले.

समाधानने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचं मन पाघळलं. दोन दिवसांनी त्याने कॉलेजच्या प्रयोगशाळेतून, कुणाला न विचारता, तेलाची लहानशी बाटली आणून दिली. "हे घाला, पण याच्यावर विसंबू नका. खीर लहान लहान डब्यांत काढून घरोघरच्या फ्रिजमध्ये ठेवायला सांगा. रात्रभर बाहेर नको. कळलं ना?" पौर्णिमेच्या आदल्या सकाळी तो नोकरीच्या मुलाखतीसाठी पुण्याला गेला.

संध्याकाळी विहारामागे मोठ्या पातेल्यात खीर रटरटत होती. कोंडिरामांनी बाटली दिली आणि चाचरत फ्रिजचं सांगितलं.

"एवढी खीर कुणाच्या फ्रिजात मावणार काका?" शैलाताई कपाळाचा घाम पुसत म्हणाल्या. "तेल आहे ना? तुम्हीच तर सांगितलंत."

बायका त्यांच्याकडे पाहत होत्या. "आहे," कोंडिराम म्हणाले.

सकाळी मिरवणूक निघाली, वंदना झाली, पंचशील झालं, तापवलेली खीर वाटली गेली. कोंडिरामांनी पहिला घोट घेतला आणि जीभ थबकली. लवंगेचा उग्र वास नाकात भरला होता, आणि त्याच्या तळाशी काहीतरी वेगळं होतं. आंबूस? की भासच? लवंगेचंच असेल, त्यांनी स्वतःला समजावलं. आपली जीभ आता म्हातारी झाली. त्यांनी वाटी तशीच खाली ठेवली आणि कुणाला काही बोलले नाहीत.

जेवणवेळेच्या आत पोरं ओकायला लागली. मग बायका, मग ढोल वाजवणारे दोघे. रिक्षा भरभरून माणसं जवळच्या हॉस्पिटलात पोचली. नर्स ओरडत होती, "एक पेशंट के साथ एक ही आदमी! बाकी सब बाहर!" कोकणातून आलेल्या सुचेताची सात वर्षांची रसिका सगळ्यात मलूल होती. कोंडिरामांच्याच जिन्यात राहणारी, येताजाता "जयभीम काका" असं खणखणीत म्हणणारी पोर.

डॉक्टर मृणालिनी तरुण होत्या, बाह्या सावरत या खाटेवरून त्या खाटेकडे धावत होत्या. त्यांनी कॉरिडॉरमध्ये येऊन विचारलं, "खीर कधी शिजवली होती?"

"आज सकाळी," शैलाताई झटकन म्हणाल्या. "ताजी. उन्हाचा त्रास असेल, मॅडम. मिरवणुकीत फार चालली पोरं."

कोंडिराम पाण्याच्या कूलरपाशी उभे होते. शैलाताईंची नजर त्यांच्यावरून फिरली. त्या नजरेत दटावणी नव्हती, गयावया होती. मंडळाचं नाव, विहाराचं नाव, एवढ्या वर्षांची सगळ्यांची मेहनत. कोंडिरामांनी तोंड उघडलं, मग वळून कूलरखाली ग्लास धरला. आपल्याला काय कळतं? सलाईन लागलंय. बाकीची पोरं तर उठून बसायलाही लागली आहेत. आणि बाटलीचं निघालं तर समाधानचं काय होईल? डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेल्या. विचारणारं माणूस निघून गेलं की उत्तर देण्याचं कामही संपलं, असं काहीसं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बहुतेक जण घरी परतले होते. रसिका नव्हती आली. कोंडिराम हॉस्पिटलात गेले तर ती हाक मारूनही नीट जागी होत नव्हती. डोळे किंचित उघडायचे आणि वर वळायचे. सुचेता तिचे तळवे चोळत बसली होती.

त्यांनी बाहेर येऊन समाधानला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, खीर रात्रभर बाहेर होती?"

"हो."

"डॉक्टरांना सांगितलंय?"

कोंडिरामांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा! त्या जंतूचं विष असतं. खीर तापवली तरी ते जात नाही. लहान मुलांचं लिव्हर धरतं कधी कधी. आत्ताच्या आत्ता आत जा आणि सांगा." मग त्याचा आवाज खाली आला. "बाटलीचं नका काढू. रात्रीची होती, तेवढंच सांगा."

डॉक्टरांनी ऐकलं आणि हातातला पेन खाली ठेवला. "या गर्मीत रात्रभर? वास नाही आला कुणाला? एकालाही?"

याला उत्तर एकच होतं. ते दिल्यावाचून खीर रात्रभर बाहेर होती हे त्यांना खरं वाटलं नसतं.

"लवंगेचं तेल घातलं होतं," कोंडिराम म्हणाले. "मी सांगितलं होतं घालायला. मुलानं बजावलं होतं, फ्रिजमध्ये ठेवा. ते मी नीट सांगितलं नाही."

"म्हणजे नासल्याचा वास झाकला गेला," डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. मग भराभर फोन सुरू झाले, रक्त घेतलं गेलं, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात खाट मागितली गेली. दारातून जाताना त्या थांबल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "आजोबा, काल विचारलं होतं ना मी. काल कळलं असतं तर रात्रीच हलवलं असतं तिला."

अँब्युलन्सचा ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, साइड में हो जाओ." ते बाजूला झाले.

रसिका मुंबईत दुसऱ्या दिवशी गेली. लिव्हरने काम थांबवलं होतं.

समाधान पुण्याहून परतला. बातमी कॉलेजपर्यंत पोचली होती; त्याला प्रयोगशाळेत यायला बंदी केली होती, बाटली विचारल्याशिवाय नेली म्हणून चौकशी होती. तो बापाशी भांडला नाही. जेवताना एकदाच म्हणाला, "मी तेव्हाच 'नाही' म्हणायला हवं होतं." वैजयंताबाईंनी दोघांच्या ताटांत भात वाढला. कुणी जेवलं नाही.

भाईंदरच्या स्मशानातून सगळे आले त्या संध्याकाळी कोंडिराम दोन मजले उतरून सुचेताच्या दारात उभे राहिले. आतली कुजबुज थांबली. सुचेता भिंतीला टेकून बसली होती. तिने मान वर केली.

"ती नको म्हणत होती खीर," ती म्हणाली. "वास येतो म्हणाली. मी म्हटलं, पी गं, औषधी आहे, कोंडिरामकाकांनी सांगितलंय. ते कधी बोलत नाहीत, उगाच कशाला बोलतील? नाक दाबून प्यायली माझी पोर."

कोंडिरामांनी चौकटीला हात टेकला.

"डॉक्टर विचारायला आल्या, तेव्हा तुम्ही तिथेच होतात ना? कूलरजवळ?"

"होतो."

"तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

ती रडली नाही. बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली, जणू त्यांच्या जागी दुसरंच कुणी उभं असावं. मग तिने दाराजवळची प्लास्टिकची खुर्ची दाखवली.

"बसा. येणारा प्रत्येक जण विचारतो, काय झालं म्हणून. गावाहून अजून माणसं यायचीत. मला नाही सांगवत पुन्हा पुन्हा. तुम्ही सांगा. काही गाळू नका."

कोंडिराम बसले. माणसं येत गेली. सुचेताची वरसाव्याची मावससासू आली, गावाकडची माणसं आली, ऑफिसातल्या बायका आल्या. प्रत्येकाला त्यांनी सांगितलं, आदल्या संध्याकाळपासून, तेलासकट, कूलरसकट. कुणी ऐकून पुढे गेलं, कुणी शिवी दिली, एका म्हातारीने स्वतःचे कान झाकले.

मग शैलाताई आल्या, पदर तोंडाला लावून. खुर्चीतल्या माणसाला पाहून त्या उंबऱ्यातच थांबल्या आणि हळूच मान हलवून 'नको' म्हणाल्या. आतून सुचेता पाहत होती.

"खीर आदल्या संध्याकाळी केली होती," कोंडिरामांनी सुरुवात केली.