सतरावी पायरी

"लागलं का हो फार?" हा प्रश्न कार्यालयातल्या चौघांनी एकदम विचारला. जिन्याच्या तोंडाशी फतकल मारून बसलेल्या शिंपीणबाईंनी चौघांकडेही बघितलं नाही. आधी चष्मा चाचपला. काडी मोडली होती. मग गुडघा चाचपला, तो शाबूत होता. मग गळ्यातली टेप नीट केली आणि विचारलं, "इथं घरांच्या नकाशांची तक्रार घेतात ना?"

"घेतात."

"मग बरोबर आले मी."

हे सगळं जपूनबाईंनी ऐकलं ते मोरीपाशी, हातात ओला डबा घेऊन. डबा तसाच टाकून त्या धावल्या. कारण हे पडणं त्यांच्या खात्यातलं होतं.

वास्तुविशारद नियमन मंडळाचं कार्यालय पहिल्या मजल्यावर होतं. आर्किटेक्ट होणाऱ्या प्रत्येकाचं नाव इथल्या नोंदवहीत चढायचं, प्रत्येकाला शिक्का इथून मिळायचा, आणि त्यानं न्हाणीघराचं दार स्वयंपाकघरात उघडलं तर तक्रारही इथंच यायची. नोंदणी लिपिक या नात्यानं जपूनबाईंचं टेबल जिना संपतो तिथं, अगदी समोर. जिन्याला सतरा पायऱ्या. सोळा गुण्यागोविंदानं चढून यायच्या आणि सतरावी एकदम उंच निघायची. येणाऱ्याचं पाऊल कडेला थडकायचं. म्हणून नोकरीच्या पहिल्या आठवड्यापासून बाई मान वर न करता, पावलांच्या आवाजावरून हिशेब धरून म्हणायच्या, "शेवटची पायरी जपून!" टपाल आणणारा असो, नाहीतर मंडळाचा अध्यक्ष. सव्वीस वर्षांत त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

आणि आज, डबा धुवायला पाच मिनिटं उठल्या तर ही बाई आडवी.

शिंपीणबाईंची मूळ तक्रार वेगळीच होती. दुकानामागं एक खोली वाढवायची होती, तर त्यांच्या आर्किटेक्टनं नकाशात खिडकीच दिली नव्हती. "काळ्या कापडावर काळा दोरा ओवायचा, तो काय मनाच्या उजेडात?" त्यांनी विचारलं. बाईंनी तक्रारीचा फॉर्म दिला, चहा मागवला, मोडक्या काडीला चिकटपट्टी लावून दिली. वाटलं, भागलं.

शिंपीणबाई फॉर्म भरून उठल्या आणि जिन्याकडे गेल्या त्या उतरायला नाही, तर वाकून मोजायला. तळापासून वर, एकेक पायरी. वर येऊन म्हणाल्या, "ताई, सोळा पायऱ्या साडेसहा-साडेसहा इंच. ही शेवटची आठ. एवढ्या फरकाचा सदरा शिवला तर गिऱ्हाईक माझ्या तोंडावर फेकेल. आणखी एक फॉर्म द्या."

"कुणाविरुद्ध?"

"हा जिना ज्यानं काढला त्याच्याविरुद्ध."

बाईंनी फॉर्म दिला. न देऊन सांगतात कुणाला? पण हात जड झाला. हा जिना, ही इमारत काढली होती 'एक नंबर'नी. नोंदवहीतलं पहिलं नाव त्यांचं, म्हणून तो नंबरच त्यांचं नाव झाला होता. मंडळ उभं केलं ते त्यांनी, नियम लिहिले ते त्यांनी, आणि ही इमारत नवी झाली तेव्हा, सव्वीस वर्षांपूर्वी, मुलाखतीत, "इंग्रजी कच्चं आहे पण अक्षर मोत्यासारखं आहे, हीच हवी," म्हणून बाईंना निवडलं तेही त्यांनीच. आता वय शहाऐंशी. नोंदवहीत त्यांचं पान बावन्न वर्षं कोरं होतं. दोष सिद्ध झाला की त्या आर्किटेक्टच्या पानावर तांबड्या शाईनं ताकीद चढते. पहिल्या पानावर एक ठिपका नव्हता. सही करायला येणाऱ्या प्रत्येक नव्या आर्किटेक्टला बाई ते पान उघडून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "असं पान ठेवा."

सचिवसाहेबांनी तक्रार वाचली आणि बाईंना आत बोलावलं. ते एक नंबरचे विद्यार्थी.

"बाई, त्यांना चहा पाजा, समजूत घाला."

"पाजला साहेब, दोनदा. पिऊनच तक्रार लिहिलीय त्यांनी."

"अहो, एक नंबरच्या पानावर तांबडी शाई? माझ्या निवृत्तीला चार महिने राहिलेत. तेवढं नीट जाऊ द्या ना! हा कागद जरा बाजूला ठेवा."

"कुठल्या बाजूला, साहेब? नियमात तर एकच बाजू आहे. आजची तक्रार आजच आवक." असं म्हणून बाई जागेवर येऊन बसल्या.

फॉर्मचा खालचा भाग कार्यालयानं भरायचा असतो. पहिला रकाना, 'मापे पडताळली काय?' बाई स्वतः गुडघे टेकून शिंपिणीच्याच टेपनं सतरा पायऱ्या मोजून आल्या. आठ म्हणजे आठच. दुसरा रकाना, 'हा दोष कार्यालयास आधीपासून ठाऊक होता काय? असल्यास, केव्हापासून?'

इथं पेन थांबलं. आजवर शेकडो फॉर्मांवर त्यांनी डोळे मिटून 'नाही' लिहिलं होतं. आजही लिहिलं असतं तर कोण विचारणार होतं? बाईंनी फॉर्म पर्समध्ये घातला आणि आयुष्यात पहिल्यांदा मंडळाचा कागद घरी नेला.

नवरा बसचा ड्रायव्हर होता, आता निवृत्त. तो भाजी निवडत होता. सगळं ऐकून घेतलं आणि देठ खुडता खुडता म्हणाला, "म्हणजे सव्वीस वर्षं गाडीचा ब्रेक खराब, आणि तू नुसता हॉर्न वाजवत बसलीस."

"मी लोकांना वाचवत होते!"

"वाचवत होतीस ना. पण तू वाजवत होतीस म्हणूनच कुणी गॅरेजला नेली नाही गाडी."

बाईंना इतका राग आला की त्यांनी भाजीत मीठच घातलं नाही. त्यानं निमूट खाल्ली. तिसऱ्या घासाला बाईंना हसू फुटलं. मग त्या उठल्या, पर्समधून फॉर्म काढला आणि त्या रकान्यात मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'होय. सव्वीस वर्षांपासून. मला ठाऊक होता.' खाली सही, पूर्ण नावानिशी. ते नाव लिहिताना त्यांचं त्यांनाच परकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी नोटीस गेली. खुलासा द्यायला पंधरा दिवसांची मुदत असते. सचिवसाहेब रोज सकाळी विचारायचे, "आलं काही?" आणि नाही म्हटल्यावर सुटल्यासारखा श्वास सोडायचे.

आठव्या दिवशी खुलासा स्वतःच आला, काठी टेकत.

काठीचा ठक्क आवाज बाईंनी खालच्या पायरीपासून ओळखला. त्या दिवशी शिंपीणबाईही आल्या होत्या, खिडकीच्या तक्रारीचं काय झालं ते बघायला. चष्म्याला अजून चिकटपट्टीच. एक पायरी, ठक्क. दोन पायऱ्या, ठक्क. मध्ये दोनदा विसावा. सोळावी आली आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "शेवटची पायरी जपून, सर!"

काठी थांबली. मान खाली होती, वरून फक्त पांढरे केस दिसत होते.

"हे वाक्य किती वर्षं म्हणताय तुम्ही?"

"सव्वीस, सर."

"मग खुलासा द्यायला मी पंधरा दिवस कशाला घेऊ?" असं म्हणून त्यांनी पाय उंच उचलला आणि वर आले. सचिवसाहेब खुर्ची घेऊन धावले. "सर, तुम्ही कशाला त्रास घेतलात? आम्ही ते प्रकरण..."

"तुम्ही काय करणार होतात ते मला कळतंय. तुम्हाला शिकवलं मीच ना?" ते खुर्चीत बसले. "तक्रारदार कोण?"

"मी, आजोबा," शिंपीणबाई म्हणाल्या. सचिवसाहेबांनी डोळे मिटून घेतले. एक नंबरना आजवर 'आजोबा' म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती.

"कुठं चुकलो मी? सांगा बरं."

"ते मला काय माहीत? पण सोळा पायऱ्या एका मापाच्या आणि एकच मोठी, म्हणजे मापं घेऊन झाल्यावर तुम्ही कापड बदललं असणार. कापड बदललं की माप पुन्हा घ्यावं लागतं."

म्हातारा खदखदून हसला. हसता हसता खोकला आला, बाईंनी पाणी दिलं.

"जिना ओतून झाला होता," ते म्हणाले. "वरच्या मजल्याला पातळ फरशी ठरली होती. शेवटच्या आठवड्यात मला मोह झाला, दगड घालावा, शोभेल. दगड फरशीपेक्षा दीड इंच जास्त जाड होता. शोभला. जिना मात्र मी विसरलो."

"पण तुम्हाला कळलं नसेल ना, सर!" सचिवसाहेब अजून बाजू सांभाळत होते.

एक नंबरनी काठीनं भिंतीकडे दाखवलं. तिथं उद्घाटनाचा मोठा फोटो होता. त्यात ते वरच्या पायरीशी कमरेत वाकलेले, दोन्ही हात पुढं, मान खाली. फोटोखाली पितळी पट्टी, 'आपल्या वास्तूपुढे नतमस्तक होताना'. नव्या लोकांना हा फोटो दाखवून विनयावर दोन शब्द बोलायची मंडळात पद्धत होती.

"तो मी पडतोय," एक नंबर म्हणाले.

सगळ्यांनी फोटोकडे पुन्हा बघितलं. मग शिंपीणबाईंनी पदर तोंडाला लावला. जपूनबाईंनी टेबलाच्या खणात काहीतरी शोधायला सुरुवात केली आणि त्यांचे खांदे गदगदायला लागले. शेवटी सचिवसाहेबही हसले, पण शिस्तीत, आवाज न करता.

"टाळ्या झाल्या," म्हातारा म्हणाला. "दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आला. आता एवढी पुण्याई मोडून सांगायचं कसं, की बाबांनो, पायरी चुकलीय? म्हटलं, पुढच्या महिन्यात गुपचूप दुरुस्त करू. पुढच्या महिन्यात चौकशी केली तर कळलं, कुणी पडत नाही. तुम्ही आला होतात ना बाई, जपून म्हणायला." ते थांबले. "मला फार बरं वाटलं होतं. तेच चुकलं."

त्यांनी फॉर्म मागितला. चष्मा नाकावर ओढून सावकाश वाचला. दुसऱ्या रकान्यापाशी बोट थांबलं.

"हे कुणी लिहायला सांगितलं तुम्हाला?"

"रकाना आहे ना, सर."

"रकाना मीच घातला होता. बावन्न वर्षांपूर्वी. वाटलं होतं, कोण खरं भरणार." त्यांनी खाली 'दोष मान्य' लिहून सही केली. सही सरळ आली. "आणा वही. माझ्यादेखत लिहा."

बाईंनी नोंदवही आणली आणि पहिलं पान उघडलं. तांबडं पेन हातात घेतलं तेव्हा डोळ्यांपुढं अक्षर धूसर झालं. एक नंबर हळूच म्हणाले, "घाई नको. अक्षर बिघडेल." आणि बाईंनी लिहिलं, 'जिन्याची सतरावी पायरी दीड इंच उंच. दोष मान्य. ताकीद.'

"आणि या बाईंच्या खिडकीचं काय?" त्यांनी सचिवांना विचारलं.

"चालू आहे, सर."

"चालू नको. निकाली काढा."

दुरुस्ती दहा दिवस चालली. एका पायरीचं दुखणं, पण औषध सोळा जणींना द्यावं लागलं. प्रत्येकीवर थोडा थोडा थर चढवत दीड इंच सगळ्यांत वाटून टाकला. एक नंबर रोज खाली खुर्ची टाकून बसायचे आणि गवंड्याचं डोकं खायचे. शिंपीणबाई येता-जाता टेप लावून बघायच्या. शेवटच्या दिवशी त्यांनी मान डोलावली तेव्हा गवंडी म्हणाला, "सुटलो!"

आणि मग गंमत सुरू झाली. नवी माणसं सरळ वर येऊ लागली, आणि कार्यालयातले सगळे धडपडू लागले. सव्वीस वर्षांची सवय. पाय उंच उचलायचा आणि पायरी तिथं नसायची. सचिवसाहेब तर फायलींसकट बाईंच्या टेबलावर येऊन आदळले. "दुरुस्तीविरुद्ध तक्रार घेता का?" त्यांनी विचारलं. बाईंनी फॉर्म पुढं केला.

बाईंचं एक वेगळंच झालं. "जपून" म्हणायचं नाही, त्यामुळे कोण कधी आलं ते कळेना. माणूस एकदम टेबलासमोर उभा, आणि बाई दचकून, "अगंबाई, कधी आलात?"

महिन्याच्या अखेरीस सात नवे आर्किटेक्ट सहीला आले. कोऱ्या शर्टातले, नवं पेन खिशाला लावलेले. एक नंबरही आले होते, कुणी बोलावलं नसताना. कोपऱ्यातल्या बाकावर बसले. त्यांना कुणी ओळखलं नाही. बाईंनी नेहमीप्रमाणे पहिलं पान उघडलं आणि नेहमीप्रमाणे तोंडून गेलं, "असं पान ठेवा."

सातांतली एक मुलगी पुढं वाकली. "पण ह्यावर तर ताकीद आहे, मॅडम."

बाईंनी बाकाकडे बघितलं. म्हातारा काठीवर हनुवटी टेकवून ऐकत होता. त्यानं नुसता हात हलवला, वाचू दे.

"मोठ्यानं वाचा," बाई म्हणाल्या.

मुलीनं वाचलं. सातही जणांनी एकदम जिन्याकडे बघितलं, मग पुन्हा पानाकडे. कुणी हसलं नाही. एकेकानं आपापल्या कोऱ्या पानावर सही केली.

ते गेल्यावर एक नंबर उठले. "येतो बाई," म्हणाले. "आता एवढा जिना पुन्हा चढवेलसं वाटत नाही."

बाई उठून जिन्यापर्यंत गेल्या. हात धरायला पुढं झाल्या, पण त्यांनी काठी दाखवून नको म्हटलं. सतरावीवर पाय ठेवताना ते किंचित थांबले. बाईंनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

मग त्या कठड्याला धरून ऐकत राहिल्या. ठक्क, ठक्क, ठक्क. सतराच्या सतरा, अगदी एकसारख्या.