पाय फुटलेले बेडूकमासे

चतुर या कीटकाच्या पाण्यातल्या अळ्या बेडूकमाशांना खातात. एरवी त्या अळ्या ठेवलेलं पाणी टाकीत ओतलं, की नुसत्या वासानेच बेडूकमासे तळाशी गप्प बसत. आज मात्र ते बिनधास्त पोहत राहिले. संशोधन करणाऱ्या मुलीचा चेहरा पडला.

"ताई, पाणी खराब झालंय. सगळी मेहनत पाण्यात!"

"ती पहिल्यापासून पाण्यातच आहे," प्रयोगशाळेतली वरिष्ठ ताई हसली. "तेच पाणी लहान बेडूकमाशांच्या टाकीत ओतून बघ."

तिने ओतलं. लहानगे क्षणात तळाशी गप्प बसले. म्हणजे पाणी ठीक होतं! ती पुन्हा पहिल्या टाकीवर वाकली. तिथले बेडूकमासे आता अळीपेक्षा थोराड झाले होते, त्यांना मागचे पाय फुटले होते.

"ताई, हे वाढलेत, म्हणून घाबरत नाहीत!"

"मग हेच तपासायला लाग कामाला."