नवल मिस्त्रीचा कान

टक् टक् टक् टक्

पिंप्राळ्यात कुणी गाडी घेतली की शेजारी आधी विचारत, "नवलच्या कानाखालून गेली का?"

नवल मिस्त्री लांब पेचकसाचं टोक इंजिनवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा. मग म्हणायचा, "टॅपेट." किंवा, "बेअरिंग बोलतंय." तीस वर्षांत एकदाही चुकला नाही, असं लोक सांगत. दोनदा चुकला होता, पण ते त्याचं त्यालाच ठाऊक.

डाळमिलवाले प्रकाशचंद शेठ तर नवी कोरी गाडीसुद्धा त्याच्याशिवाय अंगणात घेत नसत. चार गाड्या झाल्या, चारींच्या चाकांखाली लिंबं नवलनेच ठेवली. रीत ठरलेली. नवलने लिंबं ठेवून बाजूला व्हायचं, शेठाणी राजकुंवरबाईंनी नारळ फोडायचा, की नवलने "मारा!" म्हणायचं. मग इंजिन सुरू, मग लिंबू फच्च. शेठ ज्याला मिस्त्री मानतील त्याच्या दारात अर्धा पिंप्राळा उभा राहायचा. म्हणून शेठची पाचवी गाडी विजेवरची येतेय हे कळल्यापासून नवलला अन्न गोड लागत नव्हतं.

जीवरामच्या पानटपरीवर तर गाडी यायच्या आधीच तिची चिरफाड झाली. पंचेचाळीसच्या उन्हात पेटते म्हणे. धुळ्याला जाते, परत येत नाही. येते, पण एसी बंद करून, घामाघूम. आणि लाईट गेली तर? तर बैल जोडा! माझ्या साडूने घेतली, वर्ष झालं, पंपाची वाट विसरला.

या शेवटच्यावर कुणी हसलं नाही.

"खेळणं आहे ते," नवल म्हणाला. "खान्देशातला एक उन्हाळा काढू द्या तिला."

"नवलभाऊ," जीवरामने पानाला चुना लावता लावता विचारलं, "आते तुमना कानले काय काम शे?"

यावर मात्र सगळे हसले.

(काही नाही)

आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची सकाळ. अंगणात पांढरी गाडी, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, फाटकाशी बघे. नवलच्या खिशात सवयीने पेचकस होताच.

"बोनेट उघडा की, अर्हमभाऊ."

शेठचा मुलगा अर्हम स्टिअरिंगमागून हसला. "काका, आत बघण्यासारखं काही नाही. सर्व्हिसिंगही धुळ्यालाच. तिथला माणूस लॅपटॉप लावतो, झालं."

नवलने शेठकडे पाहिलं. शेठ घसा खाकरून म्हणाले, "लिंबं मात्र नवलच ठेवणार हां." प्रसाद संपल्यावर कुणाच्या हातावर नुसतं तुळशीपान ठेवावं, तसं.

डाव्या चाकाचं लिंबू उतारावरून घरंगळलं. नवल पुन्हा बसला, हात आत घातला. कबुतरं ऐकू येत होती. शेठाणींच्या बांगड्या ऐकू येत होत्या. गाडीचा आवाज नव्हता. म्हणजे गाडी बंद. त्याने अजून "मारा" म्हटलंच नव्हतं.

अर्हमने मघाशीच बटण दाबलं होतं, गाडी पुढच्या गिअरमध्ये होती, फक्त पाय ब्रेकवर होता. नारळ फुटला. करवंटीचा तुकडा काचेवर आपटला, अर्हम दचकला, पाय उचलला गेला. गाडी सरकली. एक वीत, फार तर दीड.

लिंबू आणि दोन बोटं एकदमच.

"काका, गाडी चालू होती!" अर्हम पांढराफटक पडला होता. "आत हिरवा दिवा दिसत होता ना!"

फाटकावरून जीवराम म्हणाला, आणि या वेळी त्याला मस्करी करायची नव्हती, "अरे देवा, नवल मिस्त्रीले गाडी चालू शे का बंद शे, तेच समजनं नही!"

रक्त फरशीवर ओघळायच्या आत ते वाक्य गल्लीत पोचलं होतं.

ठक्

दवाखान्यात त्याला त्याच गाडीतून नेलं. मागे नवल, शेजारी शेठ. इंजिन नाही म्हणून बाकी सगळं ऐकू येत होतं: शेठचा श्वास, स्टिअरिंगवर अर्हमची अंगठी, टायरखालची रेती. गतिरोधक आला. ठक्. पुढचा आला. ठक्. पुढे, डावीकडे, खाली.

नवल दुखणं विसरून ताठ झाला. "अर्हमभाऊ, पुढच्या डाव्या चाकाशी काहीतरी सैल आहे. नट असेल."

"काका, हिच्यात इंजिनच नाही. आवाज कशाचा येणार?" अर्हमने आरशातून वडिलांकडे पाहिलं. "दुखतंय ना, म्हणून वाटतं तसं."

एरवी शेठ म्हणाले असते, "थांबव गाडी." नवल ते शब्द ऐकायला थांबला. शेठनी त्याचा गुडघा थोपटला. "पड जरा. डोळे मीट."

परतताना दोन बोटं पट्टीत होती. तोच गतिरोधक. ठक्. या वेळी शेठच्या कपाळावर आठी आली. अर्हमला ऐकू जाऊ नये म्हणून ते नवलकडे झुकले.

"नवल, काही वाजलं का रे? उद्या शिंदखेड्याला न्यायची आहे. सूनबाई, नातवंडं असतील."

नवलने डोळे मिटले. तीस वर्षं लोकांनी पाहिली होती तशी मान कलती केली, आणि ऐकलं. ठक्.

"काही नाही, शेठ," तो म्हणाला. "हिच्यात आवाज कशाचा येणार?"